हाड मोडलंय आणि कच्चंच खायचंय? मग या चुका टाळा

दर उत्तरायणनंतर बडोद्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होते, कुणी गच्चीवरून पडलेलं असतं, कुणी मांजा गळ्याशी आला म्हणून स्कूटरवरून आडवं झालेलं. त्यातले काही आधीपासूनच कच्चा आहार करणारे असतात. पण बरेच जण असे की पडल्यावर बघायला आलेलं कुणीतरी सांगून जातं, "आता अग्नीवर शिजवलेलं बंद कर, शरीर आपलं आपण दुरुस्त करेल", आणि हे पलंगावर पडल्या पडल्या सुरू करतात. मी बरीच वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या डाएट विभागात काम केलंय आणि घरी स्वतः संध्याकाळपर्यंत कच्चंच खाते, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मला येतात. फोनवर तेच तेच ऐकून आता खरंच जीव थकलाय, म्हणून एकदाचं लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताट भरलेलं दिसलं की पोषण झालं असं समजणं.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा दांडिया बाजारात राहतो. कापलेला पतंग धरायला शेजारच्या पत्र्यावर उतरला, पत्रा खचला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, टाके वेळेवर निघाले. पोरगा अपघाताच्या आधीपासून कच्च्या आहारावर होता आणि त्याने तो सोडला नाही, उलट अजून कडक केला. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत डॉक्टर म्हणाले अजून हाड धरलेलं दिसत नाही, थांबू. तीन महिन्यांच्या एक्स-रेतही भेग तशीच. मांडी इतकी वाळली होती की पायजमा एका बाजूने लोंबत होता. मी भेटायला गेले तर म्हणतो, "मावशी, अगं किती खातोय मी, बघ तरी, पोट फुटायला आलंय."

खोटं बोलत नव्हता तो. मी बहिणीकडचा स्वयंपाकाचा काटा मागवला आणि दिवसभरात तो जे खायचा ते सगळं एकेक करून ठेवलं. सकाळी पपईच्या फोडी तीनशे ग्रॅम, एक नारळपाणी, गव्हाच्या तृणांचा रस. दुपारी काकडी, टोमॅटो, कोबी, गाजर मिळून अर्धा किलो कोशिंबीर, वर वाटीभर मोड आलेले मूग आणि थोडे तीळ. चारला सफरचंद नाहीतर पेरू. रात्री परत तेवढीच कोशिंबीर आणि दहा-बारा बदाम. जवळजवळ दोन किलो अन्न! आणि हिशोब केला तर प्रोटीन वीस ग्रॅमच्या आत, कॅलरी सातशे-आठशे. पासष्ट किलोचा तरुण मुलगा, त्याला धडधाकट असतानाच साधारण चोपन्न ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि हाड मोडून ऑपरेशन झालेलं असताना किलोमागे निदान सव्वा ग्रॅम तरी धरतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास. त्याच्या पोटात चौथा हिस्सा जात होता.

यात लोक कुठे फसतात ते सांगते. मुगात प्रोटीन भरपूर, हे सगळ्यांना पाठ असतं. कोरड्या मुगात शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅम असतं ते बरोबरच आहे, पण मोड आले की त्यात पाणीच पाणी भरतं, मग शंभर ग्रॅम मोडांत तीन ग्रॅमच्या आसपासच राहतं. वाटी तीच दिसते. काकडी तर जवळपास सगळं पाणीच, शंभर ग्रॅमला पंधराएक कॅलरी. पोट भरतं, जबडा दुखतो, आणि शरीराच्या हातात काही पडत नाही, मग ते स्वतःचे स्नायू खायला लागतं.

"पण मी तीळ खातोय ना, कॅल्शियम मिळतंय," हे त्याचं दुसरं उत्तर. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे हो. आधी कोलॅजनचं जाळं विणलं जातं, ते प्रोटीनचं असतं आणि ते नीट विणायला व्हिटॅमिन सी लागतं, मग त्या जाळ्यावर कॅल्शियम-फॉस्फरस बसतं. सळ्या न टाकता सिमेंट ओतत बसलात तर स्लॅब कसा उभा राहणार? आणि तीळ तो नीट न चावता अख्खेच गिळत होता, अख्खे तीळ बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. तीळ वाटूनच खायचे. मी खजुराबरोबर मिक्सरला फिरवून लाडू वळते, आणि पॉलिश न केलेलेच आणते, कारण साल काढलेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम फारच कमी उरतं.

त्याच्या तपासण्या केल्या तर व्हिटॅमिन डी तळाला आणि बी12 पण. बी12 कुठल्याच झाडपाल्यात नसतं, स्पिरुलिनाच्या गोळ्या खाऊन ते भरून निघत नाही, त्यातलं बहुतेक बी12 शरीराच्या कामाचं नसतं. गोळी नाहीतर इंजेक्शन घ्यायचं, यात वाद घालू नका.

मग दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने कुकर लावला. पन्नास ग्रॅम शेंगदाणे रात्री भिजवून, मूठभर भोपळ्याच्या बिया, घरच्या विरजणाचं दोन वाट्या दही, शंभर ग्रॅम पनीर, आणि मूग कच्चे न देता शिजवून, तेही कोरडे पन्नास ग्रॅम मोजून. कोशिंबीर आणि फळं ठेवलीच, पण जेवणाच्या शेवटी. आधी डाळ-पनीर, मग काकडी. क्रम उलटा केला की काकडीनेच पोट भरतं आणि पनीर ताटात उरतं. पुढच्या एक्स-रेत भेगेच्या कडेला पांढुरकं दिसायला लागलं. त्यातलं किती डाळीमुळे, किती डी मुळे आणि किती नुसत्या वेळेमुळे हे मी ठामपणे सांगणार नाही, पण त्याचं वजन वाढलं आणि वॉकर धरून उभा राहताना हात थरथरायचे ते थांबलं, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

माझं मत स्पष्ट आहे. हाड जुळेपर्यंत दिवसातून एकदा तरी डाळ शिजवा. ज्यांना दूधदुभतं चालत नाही त्यांनी तर दोनदा शिजवा, सोयाबीन, टोफू घ्या. कच्च्या आहाराचं व्रत त्याने मोडत नाही, आणि मोडत असेल तर मोडू दे. गांधीजींनी 1929 साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, प्रकृती बिघडल्यावर तो थांबवला आणि तसं जाहीर लिहिलंही. त्यांना थांबता आलं, आपल्याला का येऊ नये?

आता दुसरी चूक, ही जास्त भयंकर. ताप आला, जखम लाल झाली, पाय सुजला की "उभार आलाय" म्हणून खूश होणं.

निसर्गोपचारात हा उभार शब्द सगळे वापरतात, म्हणजे शरीर साठलेला कचरा बाहेर टाकतंय म्हणून तात्पुरता त्रास वाढतो. चहा सोडल्यावर डोकं दुखतं त्याला म्हणा हवं तर. पण ज्या पायात प्लेट आणि स्क्रू आहेत त्या पायाच्या टाक्यांतून पाणी यायला लागलं तर तो उभार नसतो, जंतुसंसर्ग असतो. वाघोडिया रोडच्या एक बेन आहेत, घोट्याचं ऑपरेशन झालेल्या. आठवड्याने ताप आला, घोटा गरम लागायला लागला. त्यांना सल्ला देणाऱ्याने सांगितलं अँटिबायोटिक बंद करा, फक्त नारळपाण्यावर राहा, चार दिवसात सगळं निघून जाईल. त्या राहिल्या. माझ्याकडे त्यांच्या सुनेचा फोन आला तोवर ड्रेसिंगला वास येत होता. मी एवढंच म्हटलं की आत्ता, या मिनिटाला रिक्षा बोलवा. जखम परत उघडून धुवावी लागली, परत हॉस्पिटल, शिरेतून औषधं, आणि जे पाऊल टेकवायचं होतं ते कितीतरी पुढे गेलं. सून फोनवर रडत होती, "आम्हाला वाटलं चांगलंच होतंय." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकवत नाही.

म्हणून फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, वाढणारी लाली, बोटं बधिर किंवा निळसर होणं, प्लास्टरच्या आत असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर रस-बिस काही न करता त्याच दिवशी डॉक्टर. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर ती फुप्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा 108 ला फोन करायचा, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

मोड. मोडांवर माझा जीव आहे, पण ओल आणि ऊब मिळाली की मोडांबरोबर जंतूही तितक्याच जोमाने वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय पसरला, हजारो आजारी पडले आणि पन्नासावर माणसं गेली. ऑपरेशननंतर, अँटिबायोटिक चालू असताना, कच्चे मोड मी कुणालाच देत नाही. पाण्याला चांगली उकळी आली की मोड पाच-सात मिनिटं वाफवते, आतपर्यंत गरम झाले पाहिजेत, वर लिंबू, आलं, ओली हळद किसून. लिंबाने लोह जास्त शोषलं जातं. खंडेराव मार्केटात थंडीत आंबेहळद आणि ओली हळद ढिगाने मिळते, तीही आणल्यावर वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासते, खाचांत माती राहते.

राजम्याचे मोड कच्चे कधीच नाही. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांनी झोपवू शकतात, मोड आणल्याने ते विष जात नाही, नीट उकळल्यानेच जातं. पायाला प्लास्टर आणि वर जुलाब, विचार करा बाथरूमपर्यंत कसं पोचणार.

कच्चं दूध नको. गवळी कितीही घरचा असला तरी नको, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) आणि टीबी दुधातून येतात.

कच्चं अंडं फेटून पिणारे पहिलवान आजही आहेत. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन जेमतेम निम्मं पचतं, उकडलेल्यातलं नव्वद टक्के. उकडा.

पालकाच्या रसाने कॅल्शियम मिळत नाही. पालकातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं, शरीराला फारच थोडं सुटतं.

हाडसांधीची वेल, कांडवेल म्हणा, गुजरातीत हाडसांकळ, ती कुणीतरी कुंडीतून तोडून देतं आणि हे लोक मिक्सरमधून काढून पितात. तोंड, घसा खाजून सुजतो, त्यात सुयांसारखे स्फटिक असतात. आपल्या आज्या ती तुपात परतून द्यायच्या, तेही थोडीशी. घ्यायचीच असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना सांगून.

दुखण्याची गोळी नुसत्या काकडीच्या रसावर घेऊ नका, पोटाच्या अस्तराची वाट लागते. आधी काहीतरी भरीव खा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नाव बघा. वॉरफरिन किंवा असेनोकूमरोल असेल तर पालेभाज्यांचे आणि गव्हांकुराचे रस अचानक सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका. त्यातलं व्हिटॅमिन के गोळीचा परिणाम कमी करतं. रोज सारखंच खा आणि डॉक्टरांना सांगा काय खाताय ते. कमाटीबागेच्या बाहेर सकाळी रसाच्या गाड्यांवर उभे असलेले काका लोक हे कधीच सांगत नाहीत, विचारलं तर म्हणतात "रसाने काय होतंय".

सैंधवात आयोडीन नसतं. घरात आयोडीनचं मीठ असू द्या.

आणि उतावीळ लोकांसाठी एक. हाताचं हाड साधारण सहा आठवडे, पायाचं बारा, मांडीचं त्याहून जास्त घेतं, कुठलाही रस ते पंधरा दिवसांवर आणत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांचं अजून लांबतं, म्हणजे गव्हांकुर पिऊन वर बिडी ओढणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

शेवटी स्वयंपाकघराबद्दल, कारण याकडे कुणी लक्षच देत नाही. कच्च्या आहारात चिरणं, किसणं, धुणं फार, आणि पेशंट एका पायावर ओट्याशी उभा राहून गाजर किसत असतो, खाली मोडांचं पाणी सांडलेलं. दुसऱ्यांदा पडलेले मी बघितलेत. सगळी चिरणं बसून करा, चिरायची फळी मांडीवर घ्या, धुण्याचं काम दुसऱ्याला द्या, वॉकरच्या वाटेवर पायपुसणं ठेवू नका. डॉक्टरांनी पायावर पूर्ण भार टाकायला सांगितल्यावर आधी सकाळचं एक जेवण पूर्ण कच्चं करा, महिनाभर वजन काट्यावर बघा, उतरलं नाही तर मग दुपारचं. रात्रीची डाळ मी तरी सहा महिने बंद करू देत नाही.