मुदत संपली, भाडेकरू जागा सोडत नाही. मग काय करायचं?

कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेची मुदत ३१ मेला संपली. भाडेकरू म्हणाले, "काकू, अजून दोन महिने राहू द्या." त्या दोन महिन्यांची दिवाळी उजाडली आणि मग ते फोनच उचलेनात. ते गावी गेलेले पाहून भाचा म्हणाला, "मावशी, कुलूप बदलून टाकू." मी त्याला अडवलं, ते फार बरं झालं.

कारण मुदत संपली तरी माणसाला जबरदस्तीने बाहेर काढायचा हक्क आपल्याला नसतो. बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. पाणी किंवा वीज तोडणं हाही भाडे नियंत्रण कायद्याने गुन्हा आहे. राग येतो, मलाही आला होता. पण हात कागदालाच लावायचा.

आधी करारनामा काढा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवं, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, ते खोडून काढायचं ओझं आपल्यावर येतं. माझ्या कराराच्या प्रत्येक पानाखाली दस्त क्रमांक, म्हणजे नोंदणीचा क्रमांक, होता. वकिलांनी सगळ्यात आधी तोच पाहिला.

मग नोटीस. मुदत कधी संपली, ताबा कधीपर्यंत हवा, एवढंच लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. मुदतीनंतर खात्यात पैसे आले तर ते भाडं म्हणून नव्हे, नुकसानभरपाई म्हणून घेतोय, हे लगेच लेखी कळवा. हे मला उशिरा सुचलं. तुम्ही पहिल्याच महिन्यात करा.

तरीही जागा सुटली नाही तर, राहण्याची जागा असेल तर, याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ सरळ आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर आपलं म्हणणं मान्य झालं असं धरून आदेश होतो. शिवाय मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. आमचं भाडं १४,००० होतं, म्हणून अर्जात महिना २८,००० लिहिले. ती ओळ विसरू नका.

पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूंना हे लागू नाही. तिथे थकबाकीसाठी नव्वद दिवसांची नोटीस, किंवा स्वतःची खरी गरज, पोटभाडेकरू अशी कारणं सिद्ध करावी लागतात, तीही न्यायालयात. त्यासाठी वकीलच गाठा.

ताबा घ्यायच्या दिवशी घाई करू नका. मी वीजमीटरचा आकडा, नळ, भिंती, स्वयंपाकाचा ओटा, सगळ्यांचे फोटो काढले, ताबापावतीवर दोघांच्या सह्या घेतल्या, अनामत रकमेचा हिशेब त्याच कागदावर लिहिला आणि मगच किल्ली हातात घेतली.