वस्तीतला प्रश्न विधानसभेत कसा न्यावा : समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात आणि सिव्हिल लाइन्स बंदोबस्तात. फिल्डवर्कमधला प्रश्न घेऊन नेमके याच दिवसांत आमदारांना गाठायला निघालेले विद्यार्थी बहुधा निवेदन देऊन, फोटो काढून परततात. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते असे आमदारांचे प्रश्न, मात्र अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधीच दाखल झालेले असतात. त्यामुळे तयारी दिवाळीच्या बरीच आधी सुरू करा.

१. मागणी एकच ठेवा

"निराधारांचे प्रश्न सोडवा" असे लिहून काहीच हलत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचेच घ्या. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजार रुपयांची मर्यादा वर्षानुवर्षे चालत आली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. घरातल्या कोणी महिन्यातून थोडे दिवस बांधकामावर मजुरी केली तरी हा आकडा ओलांडतो. खरे उत्पन्न सांगितले तर अर्ज बाद, आणि अर्ज टिकवायचा तर उत्पन्न कमी दाखवायचे. गरजू बाईला खोटे बोलायला लावणारी अट बदललीच पाहिजे. मग मागणी अशी लिहा : "सामाजिक न्याय विभागाने उत्पन्नमर्यादा वाढवावी."

विषय राज्याचाच आहे ना, हेही बघा. गडर लाइन तुंबली असेल तर आमदारांआधी महापालिका.

२. कागद जमवा

योजनेचा ताजा शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून काढून शेवटपर्यंत वाचा. मर्यादा किंवा रक्कम मध्येच बदललेली असू शकते. तहसील कार्यालयात माहितीचा अधिकार टाका : वर्षभरात अर्ज किती आले, उत्पन्नाच्या कारणावरून किती नामंजूर झाले? शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

फिल्डवर्कच्या रेकॉर्डिंगमधली (लेखी नोंदींमधली) एखादी केस जोडायची तर आधी त्या व्यक्तीची संमती घ्या. नाव, गल्ली, आजार काहीच ओळखू येता कामा नये. आमदारांच्या टेबलावरचा कागद पुढे कोणाच्या हाती पडेल, ते आपल्या हातात नसते.

३. योग्य आमदार शोधा

नागपूर शहरात विधानसभेचे ६ मतदारसंघ आहेत : पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य आणि दक्षिण-पश्चिम. तुमच्या होस्टेलचा नव्हे, वस्तीचा मतदारसंघ धरा. तो वस्तीतल्या कोणाच्याही मतदार नोंदीवरून कळतो. सत्ताधारी-विरोधी असा भेद करू नका, दोन्हीकडे जा. विधान परिषदेतले नागपूर विभागाचे शिक्षक आणि पदवीधर आमदारही विसरू नका. तुमचे प्राध्यापक त्यांचे मतदार असतील, तर त्यांना सोबत घ्या.

४. निवेदन एका पानात बसवा

विषयाच्या ओळीतच मागणी यावी. खाली तीन छोटे परिच्छेद : अडचण काय, आकडे काय, नेमके काय करावे. मागे शासन निर्णयाची प्रत. दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.

५. भेटीला जाताना

जनसंपर्क कार्यालयात पीएंना आधी फोन करा. त्यांना विषय नीट समजावून सांगा, कारण कागद पुढे तेच सरकवतात. तिघे-चौघे पुरे, त्यात वस्तीतली एक मतदार बाई हवीच. बोलायला सुरुवात तिनेच करावी. तिच्या तोंडून ऐकलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा अनुभव तुमच्या तक्त्यापेक्षा खोलवर जातो.

"भाऊ, लक्ष घाला" एवढ्यावर उठू नका. "या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकाल का?" असे सरळ विचारा आणि प्रश्नाचा मसुदा लिहूनच न्या. मुदत निघून गेली असेल तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा, म्हणजे सभागृहात विषय काढण्याचे दुसरे मार्ग, वापरून तो मांडायची विनंती करा.

६. पाठपुरावा

दोन दिवसांत आभाराचा मेसेज, आठवड्याने पीएंना फोन. प्रश्न लागला तर मंत्र्यांचे लेखी उत्तर मिळवा. बरेचदा ते "होय", "नाही", "प्रश्न उद्भवत नाही" इतके त्रोटक असते. त्यातले एखादे उत्तर तहसीलच्या आकड्यांशी जुळत नसेल, तर दोन्ही कागद शेजारी जोडून पुन्हा आमदारांकडे जा. "बाब विचाराधीन आहे" असे आले, तर विचार कोणत्या टप्प्यावर आहे, हे संबंधित विभागाला माहितीच्या अधिकारात विचारा. आणि तुमचे फिल्डवर्क संपत असेल, तर पोच, उत्तरे, पीएंचा नंबर अशी सगळी फाइल पुढच्या बॅचच्या हाती द्या.