जुना सीपीयू, नवा फोरके मॉनिटर: घेण्याआधी काय बघायचं

"अक्का, ह्या डबड्यावर फोरके चालतंय काय?"

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात हे विचारणारे बहुतेक दोन जातीचे. एक लग्नपत्रिका-फ्लेक्सवाले, दुसरे उद्यमबागेतल्या मशीनशॉपचे ड्रॉइंगवाले. दोघांचे सीपीयू दहा वर्षांपलीकडचे, आणि बदलायला दोघेही तयार नसतात. त्यात चूक काही नाही. पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर), मराठी आणि कन्नड फॉन्ट, त्यांचं डोंगल (परवान्याची चावी) हे सगळं एकदा जमून बसलं की हलवायला नको वाटतं. कर्नाटकात फलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम आल्यापासून तर एकेका डिझाइनमध्ये दोन लिप्यांची दाटी असते, मोठा पडदा हवाच.

तर बघायचं असं. सीपीयू किती जुना हे विचारू नका, प्रोसेसरचा नंबर बघा. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की तो दिसतो. इंटेलचा आय५-३४७० असेल तर पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. आय५-४५९० असेल तर चौथी. सगळा खेळ या एका आकड्यात आहे. डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२० शेजारी ठेवले तर मागून जवळपास सारखेच: मॉनिटर जोडायचे दोन डिस्प्लेपोर्ट, एक व्हीजीए. पण तिसऱ्या पिढीचा ७०१० डिस्प्लेपोर्टवरून २५६० × १६०० ठिपक्यांपर्यंतच जातो आणि चौथ्या पिढीचा ९०२० त्याच आकाराच्या पोर्टमधून ३८४० × २१६०, म्हणजे फोरके, ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलून) देतो. सेकंडहँड घेताना दोघांच्या भावात थोडाच फरक असतो, म्हणून सांगते.

आता पोर्ट. व्हीजीए हे १९८७ सालचं, त्यावर १९२० × १०८० च्या पुढची आशा धरू नका. जुन्या मदरबोर्डवरच्या एचडीएमआयनं लोक सगळ्यात जास्त फसतात. त्या काळचं एचडीएमआय १.४ फोरके दाखवतं, पण फार तर ३० हर्ट्झला. (तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तर बहुधा १९२० × १२०० लाच थांबतं.) दुकानदार "चालतंय की" म्हणतो ते खोटं नसतं. चित्र येतं, स्वच्छ येतं. पण माउस हलवला की बाण मागून घसरत येतो. ऑटोकॅडमध्ये क्रॉसहेअर रेषेवर नेऊन टेकवायचं काम दिवसभर करणाऱ्याला हे सोसत नाही, संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. ६० हर्ट्झ हवं असेल तर एचडीएमआय २.० लागतं, आणि ते आलं २०१३ मध्ये. इंटेलच्या बोर्डांवर ते सरसकट यायला त्यापुढेही बरीच वर्षं गेली, त्यामुळे बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर एचडीएमआयकडे बघूच नका.

केबलही सरळ डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट घ्या. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर 'ॲक्टिव्ह' (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) अडॅप्टर मागा, तोही फोरके ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेला. साधा स्वस्तातला अडॅप्टर ३० हर्ट्झला किंवा त्याही आधी अडकतो. उलट दिशेला, म्हणजे सीपीयूच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये, ती केबल काहीच दाखवत नाही. दोन्ही टोकं बसतात म्हणून केबल चालेल असं नाही.

डिस्प्लेपोर्ट नसेल किंवा पिढी तिसरी असेल तर ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाचं जीटी १०३० पुरतं, त्याला एचडीएमआय २.० आहे, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. जीटी ७१० च्या खोक्यावरही फोरके छापलेलं सापडेल, पण ते पुन्हा ३० हर्ट्झवालं. सेकंडहँडमध्ये क्वाड्रो पी६२० मिळालं तर मी तेच घेईन. चार मिनी डिस्प्लेपोर्ट, दोन मॉनिटर लावायची सोय. मात्र ऑप्टिप्लेक्सची बारीक कॅबिनेट असेल तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी आहे ना, ते दुकानातच बघा. आणि कार्ड बसवल्यावर केबल कार्डाला लावा. ती मदरबोर्डलाच राहिलेली असते आणि फोन येतो, "अक्का, कार्ड खराब दिलंय."

लॅपटॉपला हा मार्ग नाही. मिनी डिस्प्लेपोर्ट असेल तर नशीब. नसेल तर डिस्प्लेलिंकवाला यूएसबी ३.० अडॅप्टर हा एक तोडगा आहे, पण चित्र दाबून पाठवायचं ओझं तो प्रोसेसरवर टाकतो. टायपिंग, हिशेब, ठीक. कोरलमध्ये मोठी फाइल फिरवायला नको.

माझं मत विचाराल तर जुन्या सीपीयूला फोरके नकोच, २७ इंची २५६० × १४४० घ्या. फोरके म्हणजे फुलएचडीच्या (१९२० × १०८०) बरोब्बर चौपट ठिपके, ८२,९४,४०० होतात. १४४० मध्ये ते ३६,८६,४००. तिसऱ्या पिढीचा डिस्प्लेपोर्टही हे ६० हर्ट्झला आरामात ओढतो. जोडाक्षरं, वेलांट्या, कन्नडचे ओत्तक्षर (खाली लागणारी जोडाक्षरं) सगळं सुटं दिसतं, आणि विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करायची सोय) १०० टक्क्यांवर ठेवता येतं. ही शेवटची गोष्ट पेजमेकरवाल्यांसाठी मोठी आहे. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. फोरकेवर त्याची चिन्हं मुंगीएवढी होतात. तरीही फोरके घेतलंच असेल तर पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयच्या बटणात ओव्हरराइडवर टिक करून 'सिस्टिम' निवडा. अक्षरं थोडी पुसट होतील, पण टूलबॉक्स दिसेल.

रॅम एकच पट्टी असेल तर त्याच मापाची दुसरी घाला. बोर्डावरचं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांनी रस्ता रुंद होतो. आणि यूट्यूबवर फोरके व्हिडिओ अडखळला तर मॉनिटरला दोष देऊ नका. यूट्यूब फोरकेसाठी व्हीपी९ नावाची व्हिडिओ दाबायची पद्धत वापरतं, ती सोडवायची पूर्ण सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आहे. चौथ्या पिढीवर सगळा भार प्रोसेसरवर येतो. १०८० वर बघा.

मॉनिटर घरी आणल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथे 'डेस्कटॉप मोड' आणि 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड' असे दोन आकडे असतात. दोन्ही जुळले आणि समोर ६० हर्ट्झ दिसलं तर झालं काम. ३० दिसलं तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.१ निवडलेलं आहे का बघा आणि १.२ करा. टीव्ही लावला असेल तर त्या एचडीएमआय पोर्टापुढे यूएचडी कलर किंवा अशाच नावाचा पर्याय बंद असतो, तो चालू करा. एवढं करूनही ३० च राहिलं तर बिल जपून ठेवा आणि केबल बदलून मागा.