सेटिंग दुसऱ्या सिस्टिममध्ये न्यायचंय? आधी स्टॅट ब्लॉक बाजूला ठेवा

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात आवडतं फँटसी सेटिंग, म्हणजे खेळाचं काल्पनिक जग, नव्या सिस्टिममध्ये, म्हणजे वेगळ्या नियमांत आणायचं म्हटलं की बहुतेक जीएम (खेळ चालवणारे) सगळ्यात आधी मॉन्स्टरची यादी काढून बसतात आणि एकेकाचे आकडे, म्हणजे स्टॅट ब्लॉक, इकडून तिकडे करत राहतात. मीही हेच केलंय, चाळीसेक मॉन्स्टर, स्प्रेडशीट, रंगीबेरंगी कॉलम, सगळं साग्रसंगीत, आणि अख्ख्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या खेळात) त्यातले फार तर सहा वापरले असतील. बरं त्या सहांचाही उपयोग झाला नाही, कारण आकडे जुळत होते पण टेबलवर ते जग काही उभं राहिना, नावं तेवढी जुनी होती.

उलटा रस्ता धरा. उदाहरणाला डार्क सन घेऊ, ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) दुसऱ्या एडिशनसाठी १९९१ मध्ये आलेलं. अथास नावाचं वाळवंटी जग, धातू जवळपास नाहीच, पाण्यासाठी मारामारी, आणि जादू केली की आजूबाजूच्या झाडाझुडपांचा जीव त्यात ओढला जातो. हे आपल्याला सॅव्हेज वर्ल्ड्स नावाच्या सिस्टिममध्ये न्यायचंय असं धरू.

आता जुनं पुस्तक उघडायचं, पण आकडे उतरवायला नाही. प्रत्येक वेगळ्या नियमापाशी थांबून विचारायचं की बाबा तू या जगाबद्दल काय सांगतोयस? डार्क सनमध्ये कॅरेक्टर तिसऱ्या लेव्हलला सुरू होतं, ॲबिलिटी (ताकद, चपळाई वगैरे) ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, याऐवजी ५डी४, म्हणजे चार बाजूंचे पाच फासे टाकून काढतात, म्हणजे सरासरी १०.५ वरून थेट १२.५ आणि कमाल २०. आणि तरीसुद्धा प्रत्येक प्लेयरने चार कॅरेक्टर तयार ठेवायचे, एक खेळात आणि तीन राखीव! तिन्ही नियम एकत्र वाचले की अर्थ लागतो, इथे जगलेला प्रत्येक जण दणकट आहे आणि तरी तो कधीही मरू शकतो. आपल्याला न्यायचंय ते हे वाक्य. ५डी४ नाही. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये त्याचं भाषांतर म्हणजे दोन-चार ॲडव्हान्स (प्रगतीचे टप्पे) आधीच देऊन सुरुवात करा आणि राखीव कॅरेक्टरची पद्धत जशीच्या तशी ठेवा, तिला कुठल्याच सिस्टिमची गरज नाही.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जादूचं आहे. तिथे जादूगार दोन प्रकारचे, जमीन जाळून जादू करणारे डिफायलर आणि जपून करणारे प्रिझर्व्हर. आणि डिफायलरचं एक्सपी टेबल (लेव्हल चढायला किती अनुभव-गुण लागतात त्याचा तक्ता) चक्क सोपं होतं, तो लवकर लेव्हल चढायचा. म्हणजे मोह कुठल्या वर्णनात नव्हताच, तो एका कंटाळवाण्या तक्त्यात बसला होता आणि प्लेयरला दर सेशनला दिसत होता. आता सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये प्रत्येक क्लासचं वेगळं एक्सपी टेबल हा प्रकारच नाही, त्यामुळे तुम्ही नुसतं ‘डिफायलर दुष्ट असतात’ असं लिहून मोकळे झालात तर कोणीही डिफायलर होणार नाही, किंवा सगळे होतील, कारण फरकच पडत नाही. मोहाला नवीन घर शोधायला लागतं. मी असं केलं की जादूसाठी पॉवर पॉइंट लागतात ना, ते कमी पडले की जवळची हिरवळ जाळून जागच्या जागी ५ परत मिळवता येतात, रोल नाही काही नाही, फक्त मोठ्याने सांगायचं की मी जाळतोय. आणि जळलेली जमीन लोकांना लांबून दिसते. ऐन लढाईत कोणीतरी मरायला टेकलंय आणि हिलिंगसाठी एक पॉइंट कमी पडतोय, अशा वेळी प्लेयर जे काही मिनिटं गप्प बसतो ना, तेच डार्क सन.

फेट नावाच्या सिस्टिममध्ये हीच गोष्ट ॲस्पेक्ट (कॅरेक्टरचं वर्णन करणारं वाक्य) आणि कंपेलवर (त्या वाक्यामुळे येणारी अडचण) बसेल. २डी६ वाल्या पीबीटीए (पॉवर्ड बाय द अपॉकॅलिप्स) सिस्टिममध्ये तर ७ ते ९ चा निकाल जणू यासाठीच बनलाय, तुझं काम होतं पण जमीन जळते, चालेल का?

मग येतं गणित. ते करायचं नाही असं नाही, पण आकड्याला आकडा जोडायचा नाही, शक्यतेला शक्यता जोडायची. डी२० वर प्रत्येक +१ म्हणजे सरळ ५ टक्के. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये स्किलच्या फाशाबरोबर एक डी६ वाइल्ड डाय टाकतात आणि ४ आलं की जमलं, त्यामुळे डी४ वाल्यालाही ६२.५ टक्के, डी८ ला ८१ च्या आसपास आणि डी१२ ला ८७.५. म्हणजे नवशिका आणि उस्ताद यांच्यातलं अंतर साध्या कामात फार कमी आहे, खरा फरक रेझ (लागणाऱ्या आकड्यापेक्षा ४ ने जास्त) मिळण्यात दिसतो. त्यामुळे जुन्या पुस्तकात ‘पंधराव्या लेव्हलचा’ लिहिलंय म्हणून इथे डी१२ द्यायलाच पाहिजे असं काही नाही.

हाडाची, दगडाची शस्त्रं तुटतात हा नियम मात्र हवाच. पहिल्यांदा मी म्हटलं स्किलच्या फाशावर १ आला की तुटलं. डी८ वर ते आठात एकदा होतं, अर्ध्या तासात सगळी पार्टी निशस्त्र, हसायलाच आलं. मग दोन्ही फाशांवर १, म्हणजे क्रिटिकल फेल्युअर, तेव्हाच तुटायचं ठरवलं. डी४ ला २४ मध्ये एकदा, डी८ ला ४८ मध्ये एकदा. चांगल्या लढवय्याचं शस्त्र जास्त टिकतं हे फुकटात मिळालं.

कधी कधी नवी सिस्टिम आपलं काम आपोआप करते, तिथे हात लावू नका. डी अँड डीमध्ये चिलखतामुळे वार चुकतो, सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये ते टफनेसमध्ये (घाव सोसायची क्षमता) मिळवलं जातं. धातूचं चिलखत नाही म्हणजे टफनेस कमी, फासे तर फुटतच राहतात (सगळ्यात मोठा आकडा आला की पुन्हा टाकून मिळवायचा), मग प्रत्येक वार भीतीदायक. वेगळा नियम कशाला? तहानेसाठी फटीग, म्हणजे थकव्याचा नियम, आहेच.

डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमधून बाहेर पडत असाल तर मात्र दोन गोष्टी तपासा. एक लाँग रेस्ट, म्हणजे लांब विश्रांती, ज्यात सगळे हिट पॉइंट परत येतात. आणि दुसरं रेझ डेड, पाचव्या लेव्हलचं स्पेल, ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मरून १० दिवसांच्या आत. ज्या जगात हे आहे तिथे राजाचा खून करणारा मारेकरी आधी हिऱ्यांचा खजिना फोडेल! नव्या सिस्टिममध्ये मेलेला परत आणायची सोयच नसेल तर तुमच्या सेटिंगचा इतिहास, देवळं, वारसाहक्काची भांडणं सगळं थोडं हलतं. ते आधी ठरवा, प्लेयरने टेबलवर विचारल्यावर नको.

मॉन्स्टरचं शेवटी सांगतो कारण ते सगळ्यात सोपं आहे. नव्या सिस्टिमच्या पुस्तकातलं जवळचं काहीतरी उचला, नाव बदला, एक खास गोष्ट जोडा, झालं. एका फटक्यात पडणारे एक्स्ट्रा कोण आणि वाइल्ड कार्ड (महत्त्वाचे, जास्त टिकणारे) कोण एवढंच नीट ठरवा. अथासच्या जादूगार राजांना तर स्टॅट देऊच नका, स्टॅट दिले की प्लेयर मारायचा प्लॅन करतात.

हे सगळं घरच्या टेबलसाठी. छापायचा किंवा विकायचा विचार असेल तर नियम आणि सेटिंग वेगळे धरा. पाचव्या एडिशनचा एसआरडी (इतरांना वापरता येणारा नियमसंच) २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, पण त्याने डार्क सनसारखं सेटिंग तुमचं होत नाही.

आणि कॅम्पेन सुरू करायच्या आधी तयार कॅरेक्टर देऊन एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) खेळा, तीनच सीन, एक मारामारी, एक पाण्याचा प्रश्न, एक जिथे जादूगाराला मोह होईल. मोहाच्या सीनला कोणी विचारात पडलं नाही तर ५ च्या जागी १० पॉइंट देऊन बघा.