सोलापुरात घर बांधताय? नकाशा पक्का करण्याआधी फक्कीने आखून बघा

आर्किटेक्टकडे जाताना बहुतेक जण एकच वाक्य घेऊन जातात: "तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे, टू बीएचके बसवून द्या." तो बसवूनही देतो. पण तसला नकाशा पुण्यातही चालतो आणि कोल्हापुरातही. सोलापुरात घराची मांडणी दोन गोष्टींवर ठरवावी लागते: पश्चिमेचं ऊन आणि कित्येक भागांत चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी. त्यांची सोय आधी लावा, खोल्या नंतर. आणि सगळं ठरलं की फक्कीने, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीने, प्लॉटवर खऱ्या मापात आखून बघा.

आधी घरातला दिवस लिहून काढा

वहीच्या एका पानावर सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत कोण कुठे असतं ते लिहा. नळ येतो तेव्हा कोण उठतं? आजोबांना रात्री किती वेळा उठावं लागतं? घरात शिलाई, शिकवणी किंवा विड्या वळण्याचं काम चालतं का? चालत असेल तर त्या माणसाला दिवसभर उजेड लागतो, म्हणजे ती जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी हवी. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहणं अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे मागाच्या बरोबर वर झोपायची खोली काढू नका. तिथे जिना, स्वयंपाकघर, कोठी असलं काहीही चालेल.

हे पान आर्किटेक्टला द्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या पन्नास फोटोंपेक्षा त्याला ते जास्त उपयोगी पडतं.

प्लॉटवर ऊन बघा

होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. उत्तर दिशा नक्की करा आणि शक्य असेल तर एखाद्या दुपारी चार वाजता प्लॉटवर उभे राहा.

सोलापूर साडेसतरा अक्षांशांच्या जरा वर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात भीती नाही. दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. पश्चिमेची गोष्ट वेगळी. चारनंतरचं ऊन तिरपं होऊन छज्जाखालून थेट आत शिरतं. नऊ इंची वीटभिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री, आपण झोपायला जातो तेव्हा, खोलीत सोडते.

म्हणून पश्चिमेकडे जिना, संडास-बाथरूम, कोठी, कपाटांची भिंत घ्या. झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला खिडकी घ्यावीच लागली तर ती उभी आणि अरुंद ठेवा, बाहेरून उभे पडदे किंवा जाळी द्या. पण ती बाजू पूर्ण बुजवू नका, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. पश्चिमेच्या लहान खिडकीसमोर पूर्वेला मोठी खिडकी असली की खोलीतून हवा खेळते. कोरड्या उष्ण हवामानासाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान एक दशांश सांगते; शंभर चौरस फुटांच्या खोलीला दहा चौरस फूट.

इथे वास्तूचा प्रश्न येतोच. मोठी झोपायची खोली नैर्ऋत्येला असावी असं सांगणारे असतात, आणि सोलापुरात संध्याकाळी सगळ्यात तापलेला कोपरा नेमका तोच. घरच्यांची श्रद्धा मोडायची गरज नाही. खोली नैर्ऋत्येलाच ठेवा, पण पश्चिमेच्या भिंतीला बाथरूम किंवा भिंतभर कपाटं द्या, म्हणजे पलंगाची भिंत उन्हापासून सुटते. आग्नेयेचं स्वयंपाकघर मात्र मला मनापासून पटतं: सकाळी कोवळं ऊन, संध्याकाळी सावली, आणि फोडणीचा धूर पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर घराबाहेर. फक्त हा सगळा वाद नकाशा काढण्याआधी मिटवा. स्लॅब पडल्यावर आलेला वास्तुतज्ज्ञ फार महाग पडतो.

पाण्याचा हिशेब

शहरी पाणीपुरवठ्याचं मान माणशी रोज १३५ लिटर धरलं जातं. पाच माणसांना ६७५ लिटर, पाच दिवसांना ३,३७५. पाहुणे आणि एखाद्या दिवसाची ओढाताण धरून पाच हजार लिटरचा हौद हवा. आतून सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पाच फूट पाण्याची खोली म्हणजे ५,१०० लिटरच्या आसपास. ही छत्तीस चौरस फूट जागा नकाशात पहिल्या दिवशी दिसली पाहिजे. नाहीतर हौद शेवटी पार्किंगच्या मधोमध येतो आणि झाकणावर रोज स्कूटरचं चाक.

हौद रस्त्याच्या बाजूला, नळाच्या जोडणीजवळ घ्या. मैलापाण्याच्या चेंबरपासून आणि सेप्टिक टँकपासून जेवढा लांब जाईल तेवढा न्या. कॉलमच्या पायाला खेटून नको. काळ्या मातीच्या भागात तर अजिबात नको: ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि गळका हौद पायाजवळ असला की एकाच कोपऱ्याखाली हा खेळ बारमाही चालतो. प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघून घ्या. पायाची खोली त्यावर ठरते, आणि खर्चाचा मोठा भागही.

संडास, बाथरूम, मोरी आणि स्वयंपाकघराचा ओटा शक्यतो एका भिंतीच्या दोन्ही अंगांना घ्या, वरच्या मजल्यावरही त्याच जागी. पाइप कमी लागतो, गळती शोधायला सोपी जाते. गच्चीचं पाणी वाया घालवू नका. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजारांवर लिटर पाणी होतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून बोअरच्या शोषखड्ड्यात.

आता फक्की

कागदावरची दहा बाय दहाची खोली छान दिसते. प्लॉटवर सुतळी बांधा, फक्की टाका, आणि खरी खोली आखा. पलंगाच्या मापाचा, म्हणजे साडेसहा बाय पाचचा, चौकोन आत काढा. दोन फूट खोल कपाट काढा. दाराची झडप कुठवर फिरते ती गोल रेघ काढा. मग त्यात चाला. पलंगाच्या बाजूने अडीच फूट मोकळे राहिले नाहीत तर चादर बदलताना रोज गुडघा आपटणार.

नवीन प्लॉट नसेल तर गच्चीवर किंवा जवळच्या मैदानात खडूने आखा. घरातल्या सगळ्यांना बोलवा. विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बाईला ओट्यासमोर उभं करा. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू नये. उभं राहून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि तीन-चार इंच कमी करा. ओटा आणि समोरची भिंत यांत चार फूट असले की एक जण भाकरी थापताना दुसऱ्याला मागून जाता येतं. दारात स्कूटरचाही चौकोन काढा, साडेसहा बाय अडीच. किती गाड्या आहेत तितके.

जिना लोक शेवटी "कुठेतरी" बसवतात. दहा फुटांच्या मजल्याला सात इंची सतरा पायऱ्या लागतात. मध्ये वळण घेऊन तीन फुटी जिना केला तरी साधारण साडेसहा बाय दहा, म्हणजे पासष्ट चौरस फूट जागा जाते. जागा नाही म्हणून पायऱ्या उंच करणं हा सगळ्यात वाईट उपाय. उन्हाळ्यात सोलापूर गच्चीवर झोपतं. म्हातारी माणसं गादी घेऊन याच जिन्याने वर जाणार आहेत. गच्चीवर नळ, शक्य असेल तर लहानसा संडास, आणि किमान एक मीटर उंचीचा कठडा धरा.

जुनं घर दुरुस्त करताना

इथे क्रम उलटा. आधी काय पाडता येणार नाही ते कळायला हवं. कॉलम नसलेल्या जुन्या घरात जाड भिंतीच छत उचलून धरतात. हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, गवंड्याच्या "काही होत नाही"वर जाऊ नका. वर मजला चढवायचा असेल तरी तेच. जुनी शहाबादी फरशी चांगली असेल तर उखडू नका. शेजारच्या कर्नाटकातून येणारा हा दगड उन्हाळ्यात पायाला गार लागतो, पॉलिश करून घेतला की नव्यासारखा दिसतो.

परवानगीचं काम आर्किटेक्ट करतो, पण हद्दवाढ भागातला गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडलेला, प्लॉट असेल तर तो नियमित झाला आहे का, हे नकाशावर पैसे घालण्याआधी महापालिकेत विचारा. सोडायच्या मोकळ्या जागा राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ठरतात. त्या वजा केल्यावर जे उरेल तेवढाच तुमचा प्लॉट समजा.

नकाशा पक्का झाला की कॉलमच्या जागा, हौद, जिना आणि संडास या चार गोष्टींना पुन्हा हात लावायचा नाही. टाइल्स, रंग, फर्निचर प्लास्टर होईपर्यंत बदला, बिघडत नाही. आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, भिंतीवर टेप धरून, फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते त्या फोटोत दिसेल.