मेडिकल कोडिंग शिकताय? या चुका टाळा, निदान त्याच त्याच तरी करू नका

इंदूरात सध्या ज्याला त्याला मेडिकल कोडिंग करायचंय, म्हणजे पेशंटच्या चार्टमध्ये (डॉक्टरच्या नोंदींमध्ये) जे लिहिलंय त्याला बिलासाठी ठरलेले कोड लावायचं काम. भंवरकुआंला राहून एमपीपीएससीची सरकारी परीक्षा देऊन थकलेली मुलं, बीएचएमएस झालेल्या मुली, बी. फार्म करून मेडिकलच्या दुकानात कंटाळलेले, सगळ्यांचा एकच प्रश्न, ताई तीन महिन्यांत होईल ना? मी दिवसा अमेरिकेतल्या चार्टचं ऑडिट करते आणि संध्याकाळी राजेंद्रनगरला घरीच थोड्या मुलांना शिकवते, आणि दोन्हीकडे चुका तेवढ्याच आणि त्याच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकू, पुढच्या बॅचला हेच वाचायला देईन आणि माझा घसा वाचेल.

सगळ्यात आधी माझी सगळ्यात नावडती चूक. डॉक्टरने जे म्हटलंच नाही ते कोड करणं.

आधीच्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते तेव्हा नव्या बॅचमध्ये एक मुलगी आली, बीएचएमएस, हुशार, आपल्या इंदूरचीच. तिला इमर्जन्सीचा चार्ट मिळाला. पन्नाशीचा माणूस, छातीत दुखतंय म्हणून आलेला, ईसीजी झाला, रक्त तपासलं, आणि डॉक्टरने शेवटी लिहिलं 'चेस्ट पेन, रूल आउट एमआय' (म्हणजे हार्ट अटॅक नाही ना, याची खात्री करा) आणि कार्डिऑलॉजीला दाखवा सांगून घरी सोडलं. हिने लावला आय२१.९, म्हणजे सरळ ॲक्यूट हार्ट अटॅक! मी एरर मारली तर भांडायलाच आली. म्हणे ताई, डायबेटिक आहे, सिगारेट ओढतो, घाम फुटलेला, क्लासिक केस आहे, मी असते तर हेच निदान केलं असतं. म्हटलं बाई, तू असतीस तर केलं असतंस, पण तू तिथे नव्हतीस आणि सही तुझी नाहीये.

आउटपेशंटला, म्हणजे ओपीडी, क्लिनिक, इमर्जन्सी सगळं त्यात आलं, प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असलं काही लिहिलेलं असेल तर तो आजार कोड करायचा नाही. आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडचं पुस्तक, त्याच्या गाइडलाइन्सच्या चौथ्या सेक्शनमध्ये स्पष्ट दिलंय. जे नक्की माहीत आहे तेवढंच, इथे छातीतलं दुखणं, आर०७.९. संपला विषय. पण तिचा तो विषय एका चार्टवर संपलाच नाही, मागचे चार्ट उघडले तर जिथे जिथे 'सस्पेक्टेड न्यूमोनिया' तिथे जे१८.९, म्हणजे न्यूमोनियाच, ठोकलेला, आणि त्यातले काही क्लायंटकडे जाऊनही आले होते. आख्ख्या टीमचा शनिवार रीवर्कमध्ये गेला. आणि तिकडे त्या बिचाऱ्या पेशंटच्या रेकॉर्डला कधी न झालेला हार्ट अटॅक चिकटतो, त्याच्या इन्शुरन्सवाल्याला तो दिसतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता गंमत अशी की इनपेशंटला, हॉस्पिटलच्या बाजूने कोडिंग करताना, हाच नियम उलटा फिरतो. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरने 'प्रॉबेबल न्यूमोनिया' लिहिलं तर तो असल्यासारखाच कोड होतो. (एचआयव्ही, कोविड असे थोडे अपवाद आहेत, ते कन्फर्मच लागतात.) त्यामुळे चार्ट उघडल्यावर पहिलं हे बघायचं की पेशंट ॲडमिट होता का आणि आपण कोणाच्या बाजूने (हॉस्पिटलच्या की डॉक्टरच्या) कोड करतोय, आणि नेमकं हेच कोणी बघत नाही.

माझं निरीक्षण असं की मेडिकल बॅकग्राउंडवाले ही चूक जास्त करतात, बी. कॉमवाले कमी. बी. कॉमवाल्याला निदान करायची खाज नसते. हिमोग्लोबिन ८ दिसलं की बीएचएमएसवाली ॲनिमिया लावून मोकळी, पण डॉक्टरने ॲनिमिया लिहिलाच नसेल तर आकडा बघून आपण लावायचा नसतो. फार वाटलं तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरलाच विचारा. रेडिऑलॉजिस्टच्या फायनल रिपोर्टची गोष्ट वेगळी, तो स्वतः डॉक्टर आहे, आउटपेशंटला त्याने कन्फर्म लिहिलेलं घेता येतं.

माझ्याकडे यावर उपाय एकच, आणि मुलांना तो अजिबात आवडत नाही. सुरुवातीला मी कोड लिहूच देत नाही. चार्टची प्रिंट, हातात पेन्सिल, डॉक्टरने जे ठाम म्हटलंय त्याखाली रेघ आणि जिथे शंकेचा शब्द आहे त्याभोवती गोल. 'हिस्टरी ऑफ' दिसलं की प्रश्नचिन्ह, कारण डॉक्टर लोक 'हिस्टरी ऑफ डायबेटीस' लिहितात आणि माणसाला आजही डायबेटीस असतो, उलट 'हिस्टरी ऑफ स्ट्रोक' म्हणजे बहुतेक वेळा जुना झटका, काही मागे राहिलं नसेल तर झेड८६.७३, तिथे आय६३, म्हणजे आत्ताचा स्ट्रोक, लावला की गेलात कामातून. मुलं म्हणतात दीदी, इतना टाइम कहाँ मिलेगा जॉब में. अरे, जॉबमध्ये डोळ्यांना सवय झालेली असते, आत्ता तरी पेन्सिल धरा!

दुसरी चूक, कोडच्या पुस्तकाची टेलिग्रामवरून उतरवलेली जुनी पीडीएफ. यावर मी भांडणं केलीयत. एक मुलगा कंबरदुखीच्या प्रत्येक चार्टला एम५४.५ लिहायचा, सॉफ्टवेअर इनव्हॅलिड म्हणायचं आणि हा सॉफ्टवेअरला शिव्या घालायचा. तो कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून तसा चालतच नाही, त्याचे एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९ असे तीन तुकडे झाले. त्याच दिवशी खोकल्याचा साधा आर०५ पण गेला, आता पुढे आकडा लागतो. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलते, थोडे बदल १ एप्रिललाही येतात, सीपीटी, म्हणजे तपासणी आणि प्रोसीजरच्या कोडचं पुस्तक, १ जानेवारीला. म्हणजे जुनी पीडीएफ घेऊन बसणारा माणूस मेहनत करून चुकीचं पाठ करत असतो, आणि वर म्हणतो पुस्तकं महाग आहेत. आहेतच महाग, कोण नाही म्हणतंय, पण क्लासची फी भरताना ते विचारून घ्यायचं होतं की पुस्तकं त्यात आहेत का.

यूट्यूबचंही तसंच. ऑफिस व्हिजिटची (क्लिनिकमधल्या भेटीची) लेव्हल, म्हणजे बिलाची पायरी, ठरवताना हिस्टरीचे पॉइंट, एक्झामचे पॉइंट मोजणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात आणि लोक वहीत उतरवून घेतात. ऑफिस व्हिजिटला २०२१ पासून ते मोजणं बंद आहे, डॉक्टरच्या निर्णयाची गुंतागुंत किंवा वेळ, यावर लेव्हल ठरते, आणि हॉस्पिटल, इमर्जन्सीच्या कोडनाही २०२३ पासून तो बदल आला, त्यातही इमर्जन्सीला वेळ धरत नाहीत. व्हिडिओची तारीख बघायला किती वेळ लागतो?

पुस्तकाच्या इंडेक्समध्ये कोड सापडला की लिहून मोकळं व्हायचं, हीसुद्धा घाईचीच चूक. इंडेक्स म्हणजे रिक्षावाल्याने कॉलनीच्या कोपऱ्यावर सोडणं, घर तुम्हालाच शोधायचंय. टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य यादीत जा, वर एक्सक्लूड्सच्या (इथे काय धरायचं नाही त्या) नोट वाचा, सातवं कॅरेक्टर (काही कोडच्या शेवटी लागणारं अक्षर) लागतंय का बघा. आणि सातव्या कॅरेक्टरमधला ए म्हणजे पहिली भेट नव्हे! ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे तोवर ए, मग ती कितवीही भेट असो, आणि प्लास्टर बदलायला, हाड जुळतंय का बघायला आला की डी. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन.

बाकीच्या चुका पटापट. उजवा-डावा गुडघा उलटा करणं (गुडघ्याच्या झिजेला एम१७.११ उजवा, एम१७.१२ डावा), याला काही उपाय नाही, दोनदा बघा. मॉडिफायर २५ (मॉडिफायर म्हणजे सीपीटी कोडला मागे जोडायचा आकडा) सगळीकडे शिंपडणं, डॉक्टरने प्रोसीजरव्यतिरिक्त खरंच वेगळं तपासलेलं असेल तरच तो लागतो. क्लेम पास व्हावा म्हणून मॉडिफायर ५९ (ही प्रोसीजर वेगळी होती असं सांगणारा) लावणं, ही मी चूकही म्हणत नाही, लबाडी म्हणते. कोड पाठ करत बसणं, अरे परीक्षाच पुस्तक उघडून आहे. एआयला विचारून कोड लावणं, विचारा की, पण मग टॅब्युलर उघडून पडताळा, आणि ते करायचंच आहे तर आधीच उघडा ना.

सीपीसी, म्हणजे एएपीसी या अमेरिकन संस्थेची कोडरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, तिला १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा नाहीत, त्यामुळे पुस्तक कोरं ठेवणारे तिथे पानं उलटतच राहतात. माझ्या मुलांची पुस्तकं टॅब लावून, मार्जिनमध्ये हाताने लिहून घाण झालेली असतात, मला तशीच आवडतात.

आणि पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं, म्हणजे अप्रेंटिस, हे क्लासवाले सांगतच नाहीत. दोन वर्षांचा अनुभव दाखवला की तो ए निघतो, किंवा एक वर्षाचा अनुभव आणि ८० तासांचं शिक्षण दाखवून. तोवर रेझ्युमेमधून तो ए गुपचूप खोडायचा नाही, एचआरवाले एएपीसीच्या साइटवर नंबर टाकून बघतात.