सर्किट चालत नाही? आधी सप्लाय तपासा, आणि या चुका टाळा

नाशिकच्या एम.जी. रोडवरून सुटे भाग आणले, घरी येऊन ब्रेडबोर्डवर जोडणी केली, आणि सर्किट चालत नाही. किंवा कधी चालतं, कधी नाही, हे तर जास्तच छळतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी प्रोग्रॅमकडे किंवा नवा आयसी आणण्याकडे जातो. माझा आग्रह असा की आधी सप्लाय तपासावा. तोही लोड (म्हणजे सप्लायमधून करंट ओढणारं सर्किट) लावलेला असताना, आणि अडॅप्टरच्या टोकाला नाही तर थेट आयसीच्या पायांवर. बंद पडलेल्या हौशी बोर्डांत खोट बहुधा तिथेच सापडते.

लोड न लावता घेतलेलं रीडिंग

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे स्थिर १२ व्होल्ट देणारा ७८१२ रेग्युलेटर, ही ओळखीची मांडणी घ्या. लोड नसताना कपॅसिटरवर मीटर १८-१९ व्होल्ट दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. (म्हणूनच इथे १६ व्होल्टचा कपॅसिटर चालत नाही, २५ किंवा ३५ चाच लावा.)

आता अर्धा अँपिअर लोड लावा. १२ ला १.४१ ने गुणलं की १७ येतात, ब्रिजमधल्या दोन डायोडांत सुमारे दीड व्होल्ट जातो, उरतात साडेपंधरा. पण हा झाला शिखराचा आकडा. ५० हर्ट्‌झच्या विजेवर ब्रिज सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो, आणि मधल्या वेळात लोडचा सगळा भार एकट्या कपॅसिटरवर असतो. १००० मायक्रोफॅरडवर अर्धा अँपिअर ओढला तर तेवढ्यात साडेतीन-चार व्होल्टची घसरण होते. म्हणजे दर फेरीत व्होल्टेज साडेअकरा-बारापर्यंत खाली येतं. ७८१२ ला नीट काम करायला इनपुटवर साधारण १४ व्होल्ट लागतात. मग अॅम्प्लिफायर गुणगुणतो, रिले थरथरतो, मायक्रोकंट्रोलर मध्येच रिसेट होतो.

मीटर डीसी रेंजवर असेल तर तो सरासरी दाखवतो, त्यामुळे ही घसरण दिसतच नाही. मीटर एसी रेंजवर घ्या आणि त्याच कपॅसिटरवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काही दिसलं तर काळजी नाही. एक व्होल्टच्या वर दिसलं तर कपॅसिटर कमी पडतोय किंवा म्हातारा झालाय. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात. ते आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासा. एसी रेंजवर शून्य आलं तर मीटर या कामाचा आहे, १८-२० आलं तर नाही.

उपाय म्हणजे २२०० किंवा ३३०० मायक्रोफॅरड. किंवा १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पण मग जादा व्होल्टेजची उष्णता होते आणि हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) मोठा लागतो.

घरच्या विजेचाही हिशेब ठेवा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत ठिबकचा टायमर बसवणारे बरेच जण आहेत. त्यांची नेहमीची तक्रार असते की घरी टेबलावर महिनाभर चाललेला टायमर बागेत मोटर सुरू झाली की रिसेट होतो. टायमरची त्यात काहीच चूक नसते. २३० चे १९० झाले की १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दहासुद्धा देत नाही, आणि वरच्याच हिशेबाने ७८१२ च्या हातात शिखराला साडेबारा उरतात, त्यातून कपॅसिटरची घसरण वेगळीच. अशा जागी साध्या ट्रान्सफॉर्मरचा हट्ट सोडून १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला चांगल्या प्रतीचा एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा स्विचिंग पद्धतीचा) अडॅप्टर वापरा. इथे पैसे वाचवू नका.

बारीक तारा आणि ब्रेडबोर्ड

ईएसपी३२ सारखा वायफायचा बोर्ड सिग्नल पाठवताना क्षणभर तीनशे-चारशे मिलिअँपिअर आणि कधी त्याहून जास्त ओढतो. केसासारख्या जंपर तारा, सैल झालेला ब्रेडबोर्ड आणि मोबाईलची जुनी चार्जिंग केबल मिळून तेवढ्या क्षणात व्होल्टेज पाडतात. सिरीयल मॉनिटरवर (संगणकावर बोर्डाचे संदेश दिसतात तिथे) ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, संदेश वारंवार येत असेल तर प्रोग्रॅममध्ये वेळ घालवू नका. जाड आणि आखूड केबल घ्या, बोर्डाच्या पिनांजवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

बऱ्याच लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेली रेघ तिथे खंडित दिसते. अर्ध्या सर्किटला सप्लायच नाही, असं अनेकदा निघतं. आणि मोटर किंवा एलईडी पट्टीचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. अँपिअरच्या पुढे त्याच्या स्प्रिंगा तापून ढिल्या होतात, मग पुढचं प्रत्येक सर्किट त्याच भोकांत दगा देतं.

दहा मिनिटं चालून बंद

थंड झाल्यावर परत सुरू होत असेल तर ती रेग्युलेटरची उष्णता आहे. हिशेब सोपा आहे: इनपुट वजा आउटपुट, गुणिले करंट. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ ने ३०० मिलिअँपिअर घेतले तर ७ गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॅट. हीटसिंकशिवाय हा रेग्युलेटर एक-सव्वा वॅटच्या पुढे नेऊ नये, आणि एप्रिल-मेमध्ये प्लास्टिकच्या बंद डब्यात तर तेवढाही नाही. ७८०५ जळण्याआधी स्वतःला बंद करतो, म्हणून ‘मधूनच बंद पडतं’ अशी तक्रार येते.

बक मॉड्यूल (स्विचिंगने व्होल्टेज कमी करणारं) वापरलं तर ही उष्णता टळते, पण एलएम२५९६ चं मॉड्यूल लोड जोडण्याआधी मीटर लावून सेट करा. नव्या मॉड्यूलचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) कुठे फिरवलेला असेल याचा भरवसा नसतो. पाच व्होल्टच्या जागी अकरा गेले की बोर्ड संपला.

एकाच हीटसिंकवर दोन रेग्युलेटर बसवायचे असतील तर मागच्या पत्र्याकडे लक्ष द्या. ७८०५ चा पत्रा ग्राउंडला असतो, एलएम३१७ चा आउटपुटला आणि ७९०५ चा इनपुटला. मायका (वीज अडवणारी पातळ पत्री) आणि स्क्रूचा वॉशर न लावता बसवले तर थेट शॉर्ट.

रिले, व्हॉल्व्ह आणि मॉसफेट

डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावायचाच, १एन४००७ पुरतो. यूएलएन२००३ या रिले चालवणाऱ्या आयसीमध्ये डायोड आतच असतात, पण ९ नंबरची पिन रिलेच्या प्लसला जोडली नाही तर ते बिनकामाचे. ठिबकचे अनेक व्हॉल्व्ह मात्र २४ व्होल्ट एसीवर चालतात. त्यांच्यावर डायोड लावू नका, अर्ध्या फेरीत तो सरळ शॉर्ट होतो. तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट एसीवर लावायला बनवलेला) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकमेकांशी सिरीजमध्ये जोडून व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर लावा.

आयआरएफझेड४४एन मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) ५ व्होल्टच्या आर्डुइनो बोर्डावर अर्धवट उघडतो आणि तापतो, त्याला गेटवर (चालू-बंद करणाऱ्या पायावर) १० व्होल्ट हवेत. ५ व्होल्टसाठी आयआरएलझेड४४एन घ्या, आणि गेटवरून ग्राउंडला १० किलोओहम लावा, नाहीतर बोर्ड सुरू होतानाच मोटर फिरते.

बागेतल्या डब्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची फवारणी होते. उघड्या डब्यात ती धूळ आणि ओल मिळून तांबं आणि रिलेचे संपर्क काळे पडतात. रबरी गॅस्केट असलेला डबा घ्या, आणि तारा खालून आत आणा.

मीटरची लाल प्रोब

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तशीच राहते, आणि त्याच मीटरने सॉकेट तपासलं जातं. करंटच्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार. अनेक स्वस्त मीटरांत या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो. करंट मोजून झाला की प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात, ही सवय हाताला लावा. ओहम आणि बझर चालू सर्किटवर वापरू नका, आणि बॅटरीचं चिन्ह दिसू लागलं की त्या मीटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

२३० व्होल्टच्या बाजूला

एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतं. पेचकसाने शॉर्ट करून ते उतरवू नका. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबांना जोडून काही सेकंद धरा आणि मग मीटरने खात्री करा. ट्रान्सफॉर्मरशिवाय कपॅसिटरवर चालणारे एलईडीचे सप्लाय तर मेन्सपासून (२३० व्होल्टच्या विजेपासून) वेगळे नसतातच. त्यांच्या ५ व्होल्टच्या तारेलाही २३० चा झटका असतो, म्हणून त्यावर लॅपटॉपची यूएसबी जोडू नका आणि ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तर मुळीच लावू नका.

दुरुस्त केलेला एसएमपीएस पहिल्यांदा ६० किंवा १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून सुरू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. सिरीज बल्बने करंट मर्यादित राहतो, पण शॉक लागायचा थांबत नाही. त्यासाठी टेबलाच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा, आणि घरात लहान मूल असेल तर उघडा बोर्ड प्लगला लावून खोलीबाहेर जाऊ नये.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा एकदाच लावून बघा. तोही उडाला तर तार घालू नका. ब्रिजचे डायोड आणि मॉसफेट बझरवर तपासायला घ्या.